निळ्या कोटाचे खांदे

"हसू नकोस, हे गंभीर आहे," लेक म्हणाली. आईच्या ओठांत टाचण्या होत्या, त्यामुळे तिला धड हसताही येईना.

टेबलाच्या एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला आई, मध्ये बटणांचा डबा आणि कथेची पानं. विद्यापीठाच्या लेखन अभ्यासक्रमाच्या मुलाखतीची तालीम चालली होती. जागा मूठभर आणि अर्ज पोत्याने. आधी दोनदा नकार आला होता. या वेळी निदान बोलावणं तरी आलं. तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता.

लेक ग्रंथालयात कामाला होती. भरपूर वाचलेली, आणि कौतुक करताना हात आखडता घेणारी. तिने आणलेलं पुस्तक आधी आईच्या उशाशी जायचं. आई कपडे दुरुस्तीच्या दुकानात बसे. एकाचे कपडे दुसऱ्याच्या अंगाला बसवून देणं हेच तिचं काम. आता मांडीवर निळा कोट होता. कुणीतरी दुकानात टाकला आणि न्यायला फिरकलंच नाही. तो उसवून आई मुलाखतीसाठी बेतत होती.

लेकीने पानं पुन्हा वाचली. आई काही विचारत नव्हती, नुसती तिच्या तोंडाकडे बघत होती.

"एक पान मोठ्याने वाचायला सांगतात," लेक म्हणाली. "दुसरं घेऊ. पण हा बाहीचा परिच्छेद गाळू या. जरा जास्तच होतो."

"मला तो आवडतो."

"आवडतो म्हणून ठेवायचा नसतो."

आईने टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. "बरं बाई. तुला जास्त कळतं," म्हणाली. कोट झटकून दारामागे अडकवला आणि स्वयंपाकाला लागली. लेकीने एक स्वल्पविराम हलवला. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई दुकानात मशीनवरच कलंडली. टेप गळ्यात तशीच होती. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

सगळीकडे फोन दादाने केले. घर माणसांनी भरलं आणि ओसरलं. लेक कुणापुढे रडली नाही. पोर धीराची आहे, असं येणारेजाणारे म्हणत राहिले.

मुलाखतीच्या सकाळी दादाने विचारलं, "विद्यापीठाला कळवलंस ना?"

"नाही."

"अगं, आता जाऊन काय करणार आहेस?"

तिने दारामागचा कोट काढून अंगात घातला. मापाच्या बाबतीत आईचा अंदाज उभ्या जन्मात चुकला नव्हता. पण कोट खांद्यांत काचत होता आणि बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर थांबत होत्या. दादा बघत राहिला. मग तिच्या पाठीला चिकटलेला धाग्याचा तुकडा त्याने चिमटीत उचलला आणि स्वतःच्या खिशात ठेवला.

विद्यापीठाच्या बोळकांडीत बाकावर बसलेली मंडळी तोंडातल्या तोंडात उत्तरं घोकत होती. शिपायाने नाव पुकारलं. ती उठली.

"नावावरून वाटलं, कोणी वयस्क बाई असतील," शिपाई म्हणाला. "आजीचं नाव ठेवलंय वाटतं?"

"नाही," ती म्हणाली आणि आत गेली.

आत लांब टेबल, पलीकडे तीन परीक्षक, अलीकडे एक खुर्ची. बसा म्हणाले, तरी ती खुर्चीशेजारी उभीच राहिली. मुख्य परीक्षकांनी समजावून सांगितलं, की इथे कथा नाव झाकून वाचतात, त्यामुळे लिहिणाऱ्याचा चेहरा आजच दिसतो. मग त्यांनी एखादं पान वाचायला सांगितलं.

तिने दुसरं पान वाचलं. बाहीच्या परिच्छेदापाशी थबकली, पण गाळला नाही.

"माणूस गेला तरी त्याच्या बाहीला ते लगेच कळत नाही. कोपरापाशी पडलेला बाक तसाच राहतो. कितीही इस्त्री फिरवा, हात थोडा दुमडलेलाच राहतो. निघता निघता काहीतरी उचलायचं राहून गेल्यासारखा."

कडेला बसलेल्या प्राध्यापकबाईंनी चष्मा काढून पुसला. शिवणकामाचं इतकं बारीक ज्ञान कुठून आलं, असं त्यांनी विचारलं. घरी मशीन आहे, एवढंच ती म्हणाली.

"हा परिच्छेद कुणी कितीही सांगितलं तरी काढू नका," बाई म्हणाल्या. "कथा फार सुंदर आहे. अर्थात, हे घरच्यांनी आधीच सांगितलं असेल."

"नाही. घरी एकीने वाचली होती. ती काही बोलली नाही."

तिने कोट उतरवला. रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर त्याचे खांदे नीट बसवले, कॉलर सरळ केली, दोन्ही बाह्या खुर्चीच्या हातांवर ठेवल्या. मग खुर्चीसमोर वाकली.

"आई," ती म्हणाली, "तुझी कथा फार सुंदर झालीय गं."