पुढची कडी

अनिसिओची शवपेटी पाहिली आणि इव्होनीतला कळलं की तक्रार खरी आहे. मातीच्या भिंती, मातीची जमीन आणि मधोमध दोन बाकांवर पॉलिश केलेली, पितळी कड्यांची पेटी. ती या घराला परवडायची, तर अनिसिओला आणखी एक जन्म शेळ्या राखाव्या लागल्या असत्या.

इव्होनीत निवडणूक गुन्ह्यांची सरकारी वकील. मतदान रविवारवर आलं होतं. मतांसाठी काही वाटल्याचं सिद्ध झालं की उमेदवार बाद. पण सिद्ध व्हायचं तर घेणाऱ्यानं तोंड उघडावं लागतं, आणि या भागात नेमकं तेच होत नाही.

तिनं कॉफीचा पेला घेतला आणि झुल्मिराशेजारी जाऊन बसली. नवरा जाऊन एक रात्र उलटली होती. झुल्मिराचे डोळे कोरडे होते.

"पेटी कुणी दिली, डोना झुल्मिरा?"

"देवानं."

"देवाचा उमेदवारी अर्ज माझ्याकडे आलेला नाही."

झुल्मिराच्या ओठांचा कोपरा हलला. "मयताच्या घरी येऊन चेष्टा करता, वकीलबाई. अनिसिओला आवडला असतात तुम्ही." मग तिनं आवाज खाली आणला. "ओस्मुंदोची माणसं टेम्पोत घालून घेऊन आली. घरात मतं किती, म्हणून विचारलं. म्हटलं, कालपर्यंत सात होती."

"हेच माझ्या फोनमध्ये बोला."

"बोलते की. आधी त्याला पुरू द्या."

म्हणजे कधीच नाही. इव्होनीत इथलीच, तिला हे सांगावं लागत नव्हतं. थोड्या वेळानं नगराध्यक्षपदाचा उमेदवार ओस्मुंदो स्वतः येणार, पेटीची पुढची कडी धरून अनिसिओला खांदा देणार. पेटी देणाऱ्याचा तो मान असतो. आणि ज्यानं आपल्या माणसाला खांदा दिला, त्याच्याविरुद्ध मग घरातलं कुणी अवाक्षर काढत नाही. तिचे याआधीचे खटले असेच माणसांबरोबर पुरले गेले होते.

म्हणून घाईत तिच्या तोंडून निघून गेलं, "कायद्यानं नुसता देणाराच गुन्हेगार नसतो, डोना झुल्मिरा. घेणाराही असतो."

बोलल्याबरोबर तिला स्वतःचीच चीड आली. ते कलम तिनं आजवर एकाही गरिबाला लावलं नव्हतं, लावणारही नव्हती.

झुल्मिरानं पेला खाली ठेवला. "म्हणजे अनिसिओ गुन्हेगार?"

"त्यांचा काय संबंध? मी आपलं..."

"पेटीत कोण झोपलंय? मी की तो?"

ती उठली आणि दोन्ही मुलांना हाक मारली. "बापाला बाहेर काढा. त्याची झोळी आणा, निजायची."

थोरला जेनिव्हाल जागचा हलला नाही. "आई, लोक तोंडात शेण घालतील. झोळीतून आजोबाच्या काळात न्यायचे."

"मग, आजोबा पोचला नाही का?"

इव्होनीत मध्ये पडली. "असं नका करू. तुम्हाला काही होणार नाही, मी शब्द देते."

"तुमचा शब्द खरा असेल, बाई. पण माझ्या माणसाला चोर म्हणून मातीत घालायचं नाही मला."

पोरांनी बापाला उचललं. झोळीला वर्षानुवर्षं त्याच्याच अंगाची सवय होती, तो तिच्यात नीट बसला. दोन्ही टोकं एका जाड काठीला बांधून झाली, तेव्हा झुल्मिरानं फोन मागितला. "पेटी ओस्मुंदोची. मतांसाठी दिली. आम्ही ती परत केली," एवढं बोलून तिनं तो परत दिला. इव्होनीत ज्यासाठी आली होती ते तिला मिळालं होतं. आनंद काही झाला नाही.

झोळी मागच्या दारानं निघाली आणि ओस्मुंदो पुढच्या दारानं आत आला. अंगात पांढरा शर्ट, मागे फोटो काढणारा. बंद पेटी पाहून त्यानं छातीवर क्रूस काढला, चेहरा पाडला आणि सवयीनं पुढची कडी धरून जोर लावला. पेटीचं पुढचं टोक एकदम वर आलं. तो मागे पडता पडता वाचला.

"यात कुणी नाही," तो म्हणाला.

"नाही. पण पेटी आता इथेच राहू द्या, कोर्टाला लागेल." इव्होनीतनं बरोबर आणलेल्या पोलिसाला पेटीजवळ उभं केलं आणि ती बाहेर पडली.

चढावर तिनं त्यांना गाठलं. ऊन मी म्हणत होतं. गावकरी मागून चालत होते, पण ओस्मुंदोच्या डोळ्यांवर यायची कुणाची तयारी नव्हती, त्यामुळे पोरांना खांदेपालट करायला कुणी पुढे होईना. धाकट्याचे पाय लटपटायला लागले होते. अपराधी मनानं इव्होनीत त्याच्यापर्यंत गेली आणि तिनं काठीला हात घातला.

"दे. थोडा वेळ मी घेते."

झुल्मिरानं तिचा हात धरून बाजूला केला. रागानं नव्हे, रांगेत मध्ये घुसणाऱ्याला करावं तसं.

"राहू द्या, वकीलबाई. तुम्ही खांदा दिलात, तर तुमच्याविरुद्ध बोलायला मला तोंड उरणार नाही."