जरा दमाने बोल

"अगं बाई, श्वास तरी घे!" समुपदेशक बाई हातातल्या फोनवर ओरडल्या. फोन कसला ऐकतोय! त्यातला रेकॉर्ड केलेला आवाज आपला सुसाट चालला होता.

आवाज त्यांच्या पेशंट मुलीचा. वर्षभर घराबाहेर न पडलेली ही मुलगी बाईंच्या समोरच्या खुर्चीत बसून बोलत बोलत माणसांत आली होती. मग दुसऱ्या शहरात, एका विमा कंपनीत फोनवर तक्रारी घ्यायची नोकरी लागली आणि ती आईला घेऊन तिकडे गेली. बाईंच्या आणि तिच्या वेळा काही जुळेनात. शेवटी मुलीनेच तोडगा काढला. तिने बोलून पाठवायचं, बाईंनी सवडीने ऐकून लिहून कळवायचं. बाकी सगळे पेशंट समोर येऊन बसत. बाईंना हे फोनचं खूळ मुळीच पसंत नव्हतं.

आणि बिघडायचं ते बिघडलंच. इथे शांत बोलणारी मुलगी तिकडे जाताच लाह्यांसारखी तडतडायला लागली.

'जरा दमाने बोल,' बाईंनी लिहिलं.

"दमानेच बोलतेय की, मॅडम," उत्तर आलं, तेही भरधाव.

'प्रत्येक शब्दानंतर थांब. मनात आकडे मोज.'

"मोजते ना. पण आई वैतागते. म्हणते, तुझं वाक्य संपेपर्यंत माझी भाजी करपते."

बाईंनी कपाळावर हात मारला. आजार राहिला बाजूला, वर आईची साक्ष! 'आईकडे लक्ष देऊ नकोस. आणखी हळू.'

पुढच्या आठवड्यात मुलगी म्हणाली, "मॅडम, साहेबांनी बोलावलं होतं. ग्राहक तक्रार करतात, मी झोपेत बोलते म्हणून."

बाई हादरल्या. झोपेत? म्हणजे पोरगी आतून पार थकली होती. तिने पुन्हा स्वतःला घरात कोंडून घेतलं तर सगळी मेहनत पाण्यात. सांगून सांगून बोटं दुखली, फरक शून्य! त्यांनी मन घट्ट केलं. 'नोकरी सोड,' त्यांनी लिहिलं.

"नको ना, मॅडम. पहिल्यांदाच मी कुणाच्या तरी उपयोगी पडतेय."

'माझ्यावर विश्वास आहे ना?'

मग बरेच दिवस फोन गप्प. बाईंचा जीव टांगणीला. एका दुपारी एकदाचा संदेश आला.

"मॅडम, राजीनामा दिला. तुम्ही म्हणालात तसंच केलं. आता बोलणं जमतंय ना?"

आवाज अगदी पूर्वीसारखा, समोरच्या खुर्चीतला. ना घाई, ना तडतड. "जमतंय गं पोरी!" बाई एकट्याच मोठ्याने म्हणाल्या. त्यांना रडूच आलं.

तेवढ्यात आणखी एक संदेश आला. या वेळी बाईंच्या नवऱ्याचा, तोही बोललेला. हा गृहस्थ म्हणजे एक शब्द बोलून दुसऱ्यासाठी माणसाला ताटकळत ठेवणारा. बाईंनी बटण दाबलं.

"अगंचष्माघरीराहिलायदुकानातउभाआहेकायकायआणायचंतेसांग."

बाईंनी फोन डोळ्यांजवळ आणला. आवाजाच्या पट्टीशेजारी वेगाचा बारीकसा आकडा होता, दोन. त्यांनी त्यावर बोट टेकवलं. एक झाला. मग त्यांनी मुलीचा संदेश पुन्हा लावला.

"मॅडम," फोन म्हणाला. नंतर कितीतरी वेळ काहीच नाही. मग एकेक अक्षर ओढत, "रा... जी... ना... मा..."