डोळ्यातली बाहुली

“मॅक्रो लेन्स कशासाठी हवीय? फुलं की किडे?” कॅमेऱ्यांच्या दुकानदारानं बाबाला विचारलं.

उत्तर दिलं ते काउंटरला हनुवटी टेकून उभ्या असलेल्या लेकीनं. “बाहुलीसाठी. डोळ्यातल्या. बाबा म्हणतो, प्रत्येकाच्या डोळ्यात एक असते. मला आरशात कधी दिसलीच नाही.”

दुकानदार हसला. “मग ही मोठी घ्या. लांबूनच टिपते, समोरचं पाखरू बिचकत नाही. या छोटीला अगदी नाकाला नाक लावावं लागतं.”

बाबानं मोठी आपल्या कॅमेऱ्याला लावून पाहिली. लेकीच्या बुबुळात तपकिरी डोंगर उगवले, ओली तळी चमकली. पण मधल्या काळोखात नुसते दुकानातले दिवे.

मग त्यानं छोटी लावली, तिच्या श्वासाजवळ गेला आणि बटण दाबलं.

पडद्यावर आभाळाएवढा डोळा उघडला. ती त्यात बराच वेळ डोकावत राहिली.

“बाहुली नाहीच आहे,” ती हळूच म्हणाली. “आत तूच बसलायस, कॅमेरा घेऊन.”

“मग, कुठली देऊ?” दुकानदारानं विचारलं.

बाबानं छोटीकडे बोट दाखवलं. लेकीनं त्याचं बोट घट्ट धरलं.

“म्हणजे संध्याकाळी मला आईच्या दारात सोडून गेलास, तरी तू आत येणार!”