कॅरियरवरची जागा

माझ्या चित्रांतले रस्ते नेहमी दूर जातात, झाडं लहान होत जातात. समीक्षक म्हणतात, "सोडून जाण्याची व्यथा." कसली डोंबलाची व्यथा! आई सायकलवरून गावोगाव दूध घालायची. मांडीवर किटली देऊन मला कॅरियरवर उलटं बसवायची, पाठीला पाठ टेकवून. चढावर धापा ती टाकायची, मागे सरणाऱ्या टेकड्या, पूल, शेतं मी बघायचे. रंग तिथेच कळले. परवा प्रदर्शनाला ती पहिल्यांदाच आली. एका चित्रासमोर थबकली. "कुठला गं हा रस्ता?" "आपलाच, दूध घालायचो तो." "इतका देखणा होता?" ती पुटपुटली. "मला मेलीला समोरचे खड्डेच दिसायचे." तेवढ्यात दारातून आयोजक मला हाका मारू लागले. मी वळले, तिच्या पाठीला पाठ लावून उभी राहिले. "तू सावकाश बघ, आई," म्हटलं. "पुढचं आता मी बघते."