पंखा चालू हाय

भिंतीपलीकडच्या कापड कारखान्यातले लूम थांबले तेव्हा मृणालीच्या हातात वांगं होतं.

खटक-खटक-खटक, आणि एकदम काहीच नाही. नारपोलीच्या त्या गल्लीत इतकं शांत फक्त शुक्रवारी असतं, लूमच्या सुट्टीच्या दिवशी. आज मंगळवार होता.

"बरं झालं बाई," मागच्या खुर्चीवरून विनिता मॅडम म्हणाल्या. "आता तुमचं काहीतरी ऐकू येईल. चालू ठेवा."

त्या मृणालीच्या कॉलेजातून तिचा पाठ तपासायला आल्या होत्या. मांडीवर गुणांचा कागद, हातात उघडं पेन. सरावासाठी मृणाली रोज याच बालवाडीत येई; बालशिक्षणाच्या शेवटच्या वर्षातला हा शेवटचा पाठ, विषय भाज्यांची ओळख. ती सकाळपासून इतकी घाबरली होती की गावाहून, दिघाशीहून आणलेला दुधी रिक्षातच राहिला होता.

"तर मुलांनो," तिने वांगं उंच धरलं, "हे काय आहे?"

बावीस मुलं, आणि एकही बोलेना. दोन मिनिटांपूर्वी हीच मुलं गवारीच्या एका शेंगेवरून मारामारी करत होती. आता सगळ्यांच्या माना वर, छताकडे.

"अरे, लाईट गेली असेल. येईल आत्ता."

"नाय गेली," मितेश म्हणाला. पाच वर्षांचा, म्हणजे वर्गातला दादाच. त्याने वर बोट दाखवलं. "टीचर, पंखा चालू हाय."

पंखा खरंच गरगरत होता. पण त्याचं काय, हे काही मृणालीला कळेना.

"लाईट हाय आणि लूम बंद, म्हंजे कुनाला तरी लागलं," मितेशने समजावून सांगितलं, जशी काही बालवाडीत तीच नवीन होती. "मग सगले लूम बंद करून पलतात बघायला. प्रितेशच्या चाचाला लागलेलं ना, तवा पन असंच झालेलं."

प्रितेशने मान खाली घातली. कोपऱ्यात कुणीतरी मुसमुसायला लागलं.

जवळजवळ सगळ्यांचेच पप्पा त्या भिंतीपलीकडे होते.

"माझे पप्पा नाय ना, टीचर?"

"माझे पन नाय ना?"

"टीचर, माझे?"

लहान मुलांशी खोटं बोलू नये, असं कॉलेजात शिकवलं होतं. खरं काय ते सांगायला ते माहीत तर हवं! गुण, मॅडम, पाठ, सगळं मृणालीच्या डोक्यातून उडालं. घामाने वांगं हातातून सटकलं आणि सतरंजीवरून घरंगळत गेलं. एरवी मुलं केवढी हसली असती. आज कुणी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"न्हाय रे, न्हाय. काय न्हाय झाला," ती म्हणाली. घरची बोली. मॅडमसमोर एक शब्दही तसा निघू द्यायचा नाही, असं तिने ठरवलं होतं.

मॅडमचं पेन थांबलं होतं.

बाहेर पावलं वाजली. कुणीतरी पळत येत होतं. आधी लांबून, मग जवळून, मग थेट दारात. कारखान्याचा मुकादम, काळूराम. केसांवर, पापण्यांवर कापसाचे तंतू, आणि शर्टाच्या बाहीवर मृणालीला बघायचं नव्हतं असं काहीतरी.

ती धावत दाराशी गेली आणि मुलांना तो दिसू नये अशी त्याच्यासमोर उभी राहिली. "हळू बोला," ती कुजबुजली. "मुलं आहेत."

पण लूमवर वीस वर्षं काढलेल्या माणसाला हळू बोलणं जमत नाही. त्याचा स्वतःचाच आवाज त्याला धड ऐकू येत नाही.

"रामूची पोर पायजे!" काळूराम म्हणाला. "त्याला हास्पिटलात नेलाय. पोरीला आईकडं सोडायचीय."

पोरीला म्हटल्यावर मुलगे सुटले. मितेशने मोठ्ठा श्वास सोडला आणि लगेच शेजारच्या मुलीकडे बघितलं. मुली हलल्यासुद्धा नाहीत.

मृणालीने हजेरीचं रजिस्टर ओढलं. बापाच्या नावांवरून तिचं बोट भराभर खाली गेलं. रामू कुठेच नव्हता.

"त्यांचं खरं नाव काय?"

"आता ते कुनाला म्हाईत, बाई? आला तवापासून सगले रामूच बोलतात."

"मग मुलीचं तरी?"

काळूरामने डोकं खाजवलं. "बारकी हाय. तो तिला चिमणी बोलतो." आणि त्याला एकदम आठवलं. "अवो, रोज खांद्यावर बसवून आनतो ना तिला!"

"हळू..." मृणाली म्हणाली. उशीर झाला होता.

"मला मम्मी आणते!" एक मुलगी ओरडली.

"मला दादी!"

"मी चालत येते! मी तर चालतच येते!"

भराभरा, एकीवर एक. जणू जी मागे राहील तिच्यावर राज्य. रोज सकाळी दाराशी मुलांना आत घेणाऱ्या मृणालीला उत्तर आधीच कळलं होतं. ती खिडकीकडे बघत नव्हती. काही झालं तरी खिडकीकडे बघायचं नाही. तिने डोळे रजिस्टरवर घट्ट रोवले. निदान त्या पोरीजवळ जाऊन, मांडीवर घेऊन, मग सांगावं. निदान सगळ्यांसमोर नको.

खिडकीखाली रीमा बसली होती. साडेतीन वर्षांची. येऊन तीनच आठवडे झाले होते, आणि इतका वेळ सगळे कशाबद्दल बोलताहेत ते तिला काही समजलं नव्हतं. आता मात्र तिला येणारा प्रश्न आला होता.

ती ताडकन उठली. एक हात वर केला, तो अजून उंच जावा म्हणून दुसऱ्या हाताने धरला.

"मी! टीचर, मी! मला पप्पा आणतात! खांद्यावर!"

तीन आठवड्यांत तिने दिलेलं हे पहिलंच उत्तर होतं. शाबासकीसाठी ती मृणालीकडे बघत उभी राहिली.