सरावाचा रविवार

ताई हौशी रेडिओ क्लबच्या खोलीत शिरल्या तेव्हा सराव सुरूही झाला होता. घड्याळं दुरुस्त करणारे अण्णा, म्हणजे क्लबचे अध्यक्ष, वायरलेस सेटसमोरून घाईघाईनं उठले.

"बरं झालं आलात. बेकरीवाला घाटाखालून बोलतोय. माझ्या कानांना आता नुसती खरखर. तुम्हीच बसा."

ताईंनी हेडफोन चढवले. गिरणीच्या टेलिफोन बोर्डावर बावीस वर्षं मुरलेला कान होता तो. खरखरीतून शब्द वेचणं त्यांना तांदळातले खडे वेचण्याइतकं सोपं. त्यांचे यजमान, ज्यांना सगळा क्लब भावोजी म्हणे, नेहमी कुरकुरत, "हिच्या घरात चोरून विडीसाठी काडी ओढायची सोय नाही!" आज सकाळी बाहेर पडतानाही त्यांनी हीच थट्टा केली होती.

वर्षातून एका रविवारी क्लब अपघाताचा सराव करायचा. जखमी खोटा, निरोप खरे. मोबाईल लागणार नाही अशीच जागा शोधायची.

"बोला, ऐकतेय," ताई म्हणाल्या.

"जीप दरीत गेलीय. एकच माणूस, पन्नाशीचा. पाय सीटखाली अडकलाय. रक्त थांबत नाही."

बेकरीवाल्याचा आवाज कापत होता. ताईंना हसूच आलं. दरवर्षी पाढे म्हटल्यासारखा वाचणारा गडी यंदा चक्क नाटक करत होता!

"घाबरू नका. गुडघ्याच्या वर पट्टा आवळा, करकचून. किती वाजता आवळला ते लिहून ठेवा. शुद्धीत आहे?"

"आहे. तुटक बोलतोय."

"मग बोलतं ठेवा त्याला. नाव काय?"

पलीकडे शांतता. मागून अण्णाच म्हणाले, "सरावात नावं कशाला, ताई?"

"तेही खरंच. रुग्णवाहिका गावातून नको, रस्ता खोदलाय. धरणाकडून येऊ दे. आणि लोखंड कापायचं यंत्र घेऊन अग्निशमनवाले."

अण्णा फोनवर शब्दन्‌शब्द पोचवत होते. घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

"एवढं काय मनाला लावून घेताय?" ताई म्हणाल्या. "सराव तर आहे."

अर्ध्या तासानं आवाज विरायला लागला. अण्णांचा चेहरा पडला. ताईंनी डोळे मिटले, बटण हळूच फिरवलं. "टेकाडावर चढा. अँटेना उभी धरा. अजून वर. हं, आलात!"

मग ओळीनं निरोप आले. रुग्णवाहिका पोचली. पत्रा कापला. पाय सुटला. गाडी निघाली.

ताईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "घ्या! यंदा पैकीच्या पैकी."

अण्णांनी फोन खाली ठेवला. त्यांनी दार उघडलं. बाहेर गाडी सुरू करूनच ठेवली होती.

"चला ताई, हॉस्पिटलला. भावोजींचा जीव वाचलाय, आणि ते तुम्हालाच विचारतायत."