फुली मारायच्या आधी

पाच वाजायला वीस मिनिटं उरली होती आणि ‘चक्रम’ हा शब्द शेवटच्या घटका मोजत होता.

बोलीकोशाचा शेवटचा फर्मा, म्हणजे संशयित शब्दांच्या पुरवणीची छापायची पानं, संपादकांच्या टेबलावर पसरला होता. पाच वाजता तो खाली छापखान्यात जायचा होता आणि पाच वाजताच संपादक निवृत्त व्हायचे होते. ‘फाकडू’वर सकाळीच फुली पडली होती. फुली पडली की शब्द मेला, वापरातून गेला. आता एकच उरला होता.

नियम कडक होता आणि तो संपादकांनीच केला होता. शब्द जिवंत धरायचा, तर तो कुणीतरी आपणहून, न विचारता, अगदी पोटातून उच्चारलेला हवा. शिवाय बोलणाऱ्याने ते वाक्य चिठ्ठीवर लिहून खाली सही करायला हवी. ‘चक्रम’ची चिठ्ठी कोरी होती. तरुणपणी याच शब्दाच्या जोरावर संपादकांनी दोन मास्तर, एक घरमालक आणि प्रत्यक्ष सासरे निकालात काढले होते. अशा शब्दावर स्वतःच्या हाताने फुली मारायची म्हणजे जिवावर आलं होतं.

आठवडाभर त्यांनी कमी खटपट केली नव्हती. चपलांच्या दुकानात जाऊन फक्त डाव्या पायाची चप्पल मागितली. दुकानदार म्हणाला, “सायको.” न्हाव्याला म्हणाले, “अर्धेच केस काप, अर्धे पुढच्या महिन्यात.” न्हावी म्हणाला, “मेंटल.” बसच्या रांगेत पाठमोरे उभे राहिले, तर एका मुलीने हात धरून त्यांना बाकावर बसवलं आणि पाणी पाजलं. घरी हे सगळं सांगितल्यावर बायको एवढंच म्हणाली, “अहो, आपण उद्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ.”

“जाऊ द्या ना सर,” उपसंपादिका खिडकीबाहेर बघत म्हणाली. उद्यापासून संपादकांची खुर्ची तिच्याकडे येणार होती. “मेलाच म्हणायचा तो शब्द. मी तर कधी ऐकलासुद्धा नाही.”

“मीपण नाही,” शिपाई म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

संपादकांनी लाल पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात उपसंपादिकेच्या टेबलावरचा फोन वाजला. ती उठायच्या आत संपादकांनीच तो उचलला. खालून छापखान्यातला मशिनमन बोलत होता. समोर कोण आहे याची चौकशी न करता तो सुरूच झाला:

“मॅडम, त्या चक्रमचं आटपलं का? शेवटच्या दिवशी तरी फर्मा वेळेवर सोडा म्हणावं!”

संपादकांच्या अंगावर काटा आला. आपणहून! न विचारता! आणि पोटातून म्हणजे काय, अगदी बेंबीच्या देठापासून!

“वर या!” ते ओरडले. “आहात तसे या! धावत या!”

मशिनमन शाईचे हात पुसत, धापा टाकत आला. खुर्चीत कोण आहे आणि फोन कुणी धरलाय, हे दिसताच त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“साहेब, चुकलो. पोटावर पाय देऊ नका.”

“चुकलात कसले? लाखातलं बोललात! हं, ही चिठ्ठी. बोललात तस्संच लिहा आणि सही ठोका.”

“मी दुसऱ्या कुणाला तरी म्हणालो, साहेब.”

“कुणालाही म्हणा हो, आपल्याला शब्दाशी मतलब,” संपादक म्हणाले, आणि मग थांबले. “पण कुणाला?”

शिपाई पंख्याकडे बघू लागला. उपसंपादिकेने एका कागदाला उगाचच चार घड्या घातल्या. चाळीस वर्षं लोकांना शब्दांचे अर्थ सांगणाऱ्या संपादकांना हा अर्थ लागायला पुरतं एक मिनिट लागलं.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“मी कामाला लागलो तेव्हापासून. बावीस वर्षं झाली.”

“माझी एकतीस,” शिपाई हळूच म्हणाला.

संपादकांनी टेबलावर मूठ आपटली. दौत उडाली.

“एकतीस वर्षं अखंड वापरात! आणि मी गावभर डाव्या पायाच्या चपला मागत हिंडतोय! मॅडम, तुम्ही तर कधी ऐकलाच नाही म्हणालात?”

“ऐकला नाही, सर,” ती मान खाली घालून म्हणाली. “मीच म्हणायचे.”

तिघांनी सह्या केल्या. संपादकांनी चिठ्ठ्या छातीशी धरल्या, खोलीत एक फेरी मारली, आणि दुसऱ्या फेरीच्या मध्येच त्यांचा चेहरा उतरला. पाचला तीन मिनिटं होती.

“पण उद्यापासून मी नसणार,” ते म्हणाले. “मग म्हणणार कुणाला? कोश छापून येईपर्यंत शब्द खलास. खोटी नोंद मी करणार नाही.”

खरं होतं ते. त्यांनी खुर्चीत बसून पुन्हा पेन उचललं.

“फर्मा द्या, सर, मी एकदा नजर टाकते,” उपसंपादिका म्हणाली. तिने कागद ओढून घेतला, उजेडात धरला, भिंग लावलं. मशिनमनने हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला.

“थांबा. हा अर्धविराम जरा तिरका दिसतोय. एक तिरका निघाला म्हणजे आणखी असणार. मी सगळा फर्मा पुन्हा वाचते. उलट्या बाजूने.”

“मॅडम, पाच वाजले!”

“वाजू देत. शेवटून सुरुवात केली की डोळा फसत नाही.”

मशिनमनने शिपायाकडे पाहिलं. शिपायाने मशिनमनकडे पाहिलं. दोघांचे ओठ एकदमच हलले. आवाज फुटला नाही. पण संपादकांनी समाधानाने पेनाला टोपण लावलं आणि निवृत्त झाले.